उडण्याची ढब

मार्गशीर्षातली पहाट होती. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावरून आमची नाव सुटली तेव्हा पूर्व नुकती कुठे तांबूस होत होती. धुकं पाण्याला टेकलं होतं. कशालाच अजून रंग आला नव्हता. काठ, पाणी, आभाळ सगळं राखी. तेवढ्यात डाव्या हाताला लांबवर काळ्या ठिपक्यांची एक ओळ वर उठली. मी दुर्बीण डोळ्यांना लावून नुसतीच फिरवत राहिले. ठिपके मोठे झाले, पण काळेच राहिले.

नावाडी हातातलं वल्हं न थांबवता म्हणाला, "बगळे न्हाईत ते, ताई. मान लांब हाय. चित्रबलाक हायेत. अन् त्येंच्या खालनं पाण्याला लागून जी रांग चाललीय ना, ती पाणकावळ्यांची."

दहाएक मिनिटांनी सूर्य वर आला आणि तीच ओळ वळसा घेऊन आमच्या डोक्यावरून गेली. छातीवरचा काळा पट्टा, पिवळी लांब चोच, मागे ताणलेले पाय. चित्रबलाकच.

"दादा, अंधारात कसं ओळखलंत?"

"चालीवरनं. आपल्या गावातला माणूस बांधावरनं येताना तोंड दिसायच्या आधीच कळतो का न्हाई? तसंच हे."

पक्षीनिरीक्षणाची सुरुवात आपण बहुतेक सगळे रंगांपासून करतो. पुस्तकातलं चित्र, त्यातला पक्षी फांदीवर निवांत बसलेला, उजेड समोरून पडलेला. माळावर किंवा धरणाच्या काठावर गेलं की ध्यानात येतं, पक्षी असा बसून राहत नाही. तो बहुतेक वेळा उन्हाच्या आडून, दूरवरून आणि दोन-तीन सेकंदांपुरता दिसतो. रंग दिसायला उजेड लागतो, अंतर कमी असावं लागतं. उडण्याची ढब मात्र काळ्या सावलीतूनही कळते. ही ढब पाठ करून येत नाही. पक्षी तसाच का उडतो, हे कळलं की ती मनात पक्की बसते. तो कसा उडतो हे तो काय खातो, कुठे राहतो आणि कुणाला भितो यावर ठरलेलं असतं. उडणं वाचता येणं म्हणजे त्याचा संसार वाचता येणं.

भाषेत साठलेलं आभाळ

ही नजर आपल्याकडे नवी नाही. महाभारताच्या कर्णपर्वात शल्य कर्णाला हंस आणि कावळ्याची गोष्ट सांगतो. एका वैश्याच्या घरच्या उष्ट्यावर माजलेला कावळा मानसरोवराच्या हंसांना आव्हान देतो आणि आपल्याला एकशे एक प्रकारची उड्डाणं येतात असं सांगतो. मग तो त्यांची नावंच घेत सुटतो: उड्डीन, अवडीन, प्रडीन, डीन, निडीन, संडीन, तिर्यग्डीन. वर झेपावणं, खाली येणं, आडवं-तिरकं जाणं, अशी एकेका हालचालीला वेगळी संज्ञा. हंसाला एकच उड्डाण येतं. समुद्रावर गेल्यावर कावळ्याची दमछाक होते, तो पाण्यात पडू लागतो आणि हंसच त्याला वाचवतो. कथेचा रोख कर्णाच्या गर्वाकडे आहे. पण ती रचणाऱ्याने कावळ्याचं घटकेघटकेला बदलणारं, कसरतीचं उडणं आणि हंसाचं एकसुरी, लांब पल्ल्याचं उडणं ही दोन्ही नीट पाहिलेली होती, यात शंका नाही.

आपल्या बोलीतही ही नजर भरलेली आहे. मराठीत पक्षी नुसता उडत नाही. घार घिरट्या घालते, शिक्रा झडप घालतो, खंड्या सूर मारतो, कोतवाल गिरकी घेतो, चिमणी भुर्रकन जाते आणि पायाखालचा तित्तर भर्रकन उठतो. ही क्रियापदं ओळीने मांडली तरी उड्डाणाची छोटी ओळखपुस्तिका तयार होते. नावंही तशीच. गरगर फिरणाऱ्या खेळण्याला आपण भिंगरी म्हणतो आणि हवेत तशाच वळणाऱ्या, वेलांट्या घेणाऱ्या पक्ष्यालाही भिंगरीच. गवताळ माळावर भोवती भोवती फिरणारा शिकारी तो भोवत्या. आणि काळ्या पोटाच्या त्या चिमुकल्या चंडोलाला डोंबारी म्हणतात, ते का हे चैत्रात एकदा माळावर उभं राहून पाहावं. नर वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली कोसळतो, जमिनीपाशी येण्याआधी सावरतो, त्याच वेगात पुन्हा वर जातो आणि पुन्हा कोसळतो. सोबतीला लांबवलेली शीळ. दोरावरचा खेळ पाहिलेल्या कुणीतरी हे नाव ठेवलं असणार.

शास्त्राला लागलेला वेळ

पुस्तकी पक्षीविद्येला मात्र ही ढब पकडायला वेळ लागला. फार काळ पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीने मारलेल्या, पेंढा भरलेल्या नमुन्यांवर चाले. मेलेल्या पक्ष्याला रंग असतो, मापं असतात; चाल नसते. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी 1882 साली बंदुकीच्याच आकाराचा कॅमेरा बनवला. तो सेकंदाला बारा छायाचित्रं टिपे. पंख खाली येताना कसा पसरतो आणि वर जाताना कसा आवळतो, हे त्या चित्रांत पहिल्यांदा टप्प्याटप्प्याने दिसलं.

1921 मध्ये इंग्लंडमधल्या टी. ए. कॉवर्ड या निसर्गलेखकाने 'जिझ' हा शब्द पक्षीनिरीक्षकांच्या तोंडी दिला. पक्ष्याचा एकही अवयव नीट दिसला नसताना, त्याच्या एकूण आकारावरून आणि हालचालीवरून क्षणात पटणारी ओळख म्हणजे जिझ. मराठीत त्याला 'ढब' हा शब्द अगदी चपखल बसतो. 1934 साली अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांची मार्गदर्शिका आली आणि पक्षी मारल्याशिवाय, दुरून ओळखण्याची पद्धत सामान्य वाचकाच्या हाती पडली. 1988 मध्ये पीट डन, डेव्हिड सिब्ली आणि क्ले सटन यांनी 'हॉक्स इन फ्लाइट' हे पुस्तक उडणाऱ्या शिकारी पक्ष्यांना वाहिलं. पिसांवरचे बारकावे शोधण्याआधी पक्ष्याचा आकार, पंखांची ठेवण आणि हालचाल पाहा, हा त्याचा गाभा. नावाड्याचं 'चालीवरनं' आणि या पुस्तकाचं सूत्र एकच.

पंख हे पोटापाण्याचं हत्यार

कुदळ आणि विळा पाहून कुठलं हत्यार कुठल्या कामाचं ते जसं सांगता येतं, तसंच पंखांचं आहे.

पाकोळीचा पंख लांब, अरुंद आणि टोकदार. उघड्या हवेत वेगाने फिरत किडे टिपायचे तर हवेचा विरोध कमीत कमी हवा. बहिरी ससाण्याचा पंखही याच घाटाचा. सूर मारताना त्याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो. असा पंख आमराईत कुचकामाचा, कारण फांद्यांमधून वळायला तो अडचणीचा.

तित्तर आणि लाव्ह्यांचा पंख याच्या अगदी उलट, आखूड आणि गोलसर. त्यांना दूर जायचं नसतं. कोल्हा किंवा माणूस अगदी पायापाशी आला की त्याच क्षणी जमिनीवरून उसळायचं असतं. म्हणून भर्रकन जोरदार फडफड, मग ताठ पंखांनी थोडं तरंगणं आणि शे-दोनशे पावलांवर पुन्हा गवतात बुडी. रंग दिसला नाही तरी एवढ्यावरून कुळ पक्कं होतं. शिक्र्याचा पंखही गोलसर. शेपटी मात्र लांब, कारण झाडांतून पाठलाग करताना तीच सुकाणू होते.

घार, गरुड, गिधाड यांचे पंख रुंद आणि टोकाला हाताच्या बोटांसारखे फाकलेले. या फटींमुळे पंखाच्या टोकाशी होणारे हवेचे भोवरे सौम्य होतात आणि जड पक्षी सावकाश, न फडफडता तरंगू शकतो. आभाळात बोटं फाकलेला पंख दिसला की समजावं, हा वाऱ्याच्या जिवावर जगणारा आहे.

आपल्याकडे सर्वांत जास्त गल्लत होते ती पाकोळी आणि भिंगरीत. गावोगाव दोघींनाही पाकोळीच म्हणतात. पाकोळीच्या पंखातलं दंडाचं हाड फार आखूड आणि पंजाचा भाग लांब असतो. त्यामुळे सगळा पंख मिळून एकच कोयता दिसतो, मधे कोपराची मोड जाणवत नाही. फडफडही ताठ, थरथरती. भिंगरीच्या पंखाला मोड असते. ती पंख मागे ओढून घेते, पुन्हा पसरते, मऊ वळणं घेते. एक खूण तर उडणं संपल्यावर मिळते: तारेवर ओळीने बसलेल्या दिसतात त्या भिंगऱ्या. पाकोळीच्या पायाची चारही बोटं पुढच्या बाजूला वळतात. ती किल्ल्याच्या भिंतीला, पुलाच्या कमानीला लटकू शकते. तारेवर बसू शकत नाही. बसण्याची गरजही तिला फारशी नाही. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या आन्देर्स हेडेनस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या पाकोळ्यांवर चिमुकली यंत्रं बसवली होती. त्यातल्या काही पाकोळ्या विणीचा हंगाम सोडून वर्षाचे सलग 10 महिने कुठेही टेकल्या नाहीत, असं त्यांनी 2016 मध्ये दाखवून दिलं. कोयत्यासारखा पंख आणि तोकडे पाय ही एकाच आयुष्याची दोन टोकं आहेत.

मान, पाय, शेपूट

पाणथळीवर नजर आधी मानेवर ठेवावी. बगळा उडताना मान मागे घेऊन खांद्यात बसवतो, त्यामुळे छातीपुढे पोतडीसारखा फुगवटा दिसतो. बगळ्यांच्या मानेतला सहावा मणका वेगळ्या घडणीचा असतो; मान इंग्रजी 'एस'सारखी दुमडते ती त्याच्यामुळे, आणि भाल्यासारखा फटकाही त्याच्याच जोरावर मारता येतो. मासा टिपण्याची ती यंत्रणा उडताना घडी घालून ठेवलेली असते. बलाक, शराटी, चमच्या, क्रौंच आणि रोहित हे सगळे मान पुढे ताणून उडतात. नावाड्याने अंधारात हेच पाहिलं होतं. नियमाला अपवाद आहे तो क्षत्रबलाकाचा. बलाक असूनही तो बगळ्यासारखी मान आखडून उडतो.

रोहित ओळखायला तर एक नजर पुरते. बारीक लांब मान पुढे, तितकेच बारीक लांब पाय मागे, मधे पंख. ठाण्याच्या खाडीवरून तांबूस संध्याकाळी त्यांची रांग गेली की आभाळात काड्यांची नक्षी सरकते आहे असं वाटतं. शराटी थोडे पंख मारतात, थोडे तरंगतात, आणि ही लय रांगेतल्या एकाकडून मागच्याकडे झिरपत जाते. चमच्या पंख मारण्यात सहसा खंड पडू देत नाही. टिटवीचे पाय शेपटीच्या किंचित पुढे डोकावतात आणि रुंद पंखांवरचा पांढरा पट्टा दर फटक्याला उघडमीट करतो.

शेपटीचं काम शिकवायला घारीसारखा गुरू नाही. तिच्या शेपटीला मधे खाच असते. पण शेपटी पूर्ण पसरली की खाच दिसेनाशी होते, म्हणून केवळ खाचेवर विसंबू नये. पाहायचं ते शेपटीचं वळणं. घार शेपटी सतत उजवीकडे-डावीकडे पिळत असते, वल्ह्यासारखी. कोकणातल्या बंदरांवर तिच्याबरोबरच ब्राह्मणी घार फिरते. तिची शेपटी गोलसर. उन्हाच्या आड तिचं पांढरं डोकं आणि तांबूस अंग दिसलं नाही, तरी शेपटीच्या टोकावरून दोघी वेगळ्या काढता येतात.

ताल

काही पक्षी डोळ्यांनी ओळखायचे, तसे काही मनातल्या मनात ठेका धरून ओळखायचे.

सुतार पक्षी पाच-सहा जोरदार फटके मारून वर चढतो आणि पंख अंगाशी पार मिटून घेतो. मिटल्याबरोबर खाली येतो, पुन्हा फटके, पुन्हा वर. त्याची वाट लाटांसारखी. धोबीही असाच लाटांवरून जातो आणि बहुतेकदा चिट्-चिट् करत जातो. मिटलेल्या पंखांना हवेचा विरोध होत नाही, म्हणून लहान-मध्यम पक्ष्यांना ही पद्धत श्रम वाचवणारी ठरते. मोठ्या पक्ष्याला ती झेपत नाही. तो पंख मिटण्याऐवजी पसरून तरंगतो. राखी धनेश असा फडफड आणि तरंगणं आलटूनपालटून करत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. त्याचा थोरला भाऊ मोठा धनेश तिलारीच्या रानात दिसण्याआधी ऐकू येतो. त्याच्या उड्डाणपिसांची बुडं खालच्या बाजूने झाकलेली नसतात, त्यातून हवा घुसते आणि दर फटक्याला भात्यासारखा घोष उठतो.

हुदहुद फुलपाखरासारखा, पुढच्या क्षणी कुठे वळेल याचा पत्ता लागू न देता उडतो. पोपट सरळ, घाईचे, एकसारखे फटके मारत ओरडत जातो. भारद्वाजाला उडण्याचा कंटाळाच; दोन-चार जड फटके, मग पुढच्या झुडपात घसरणं. नदीकाठचा तुतवार पाण्यालगत पंख खाली कमानीसारखे वाकवून थरथर मारतो, थांबतो, पुन्हा थरथरतो. या तालाचा दुसरा पक्षी आपल्या नदीवर शोधूनही सापडणार नाही.

जागच्या जागी

बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या माळावर एका थंडीत अर्धा तास मी एकाच पक्ष्याकडे पाहत बसले होते. खरूची. वारा पश्चिमेचा, आणि तिचं तोंड नेमकं वाऱ्याकडे. शेपटी पंख्यासारखी उघडून थोडी खाली वाकवलेली. पंखांची टोकं इतकी बारीक थरथरत होती की दुर्बिणीतून फक्त कडा धूसर दिसत. वाऱ्याचा झोत आला की अंग मागे हटे, पंख पुढे येत, शेपटी मिटे. पण डोकं मात्र अवकाशात खिळा मारल्यासारखं एका जागी. सगळं शरीर डोक्याभोवती हलत होतं. खाली गवतात उंदीर किंवा नाकतोडा हलला तर तेवढीच हालचाल दिसावी, म्हणून ही सारी धडपड. ती दोन पुरुष खाली आली, पुन्हा थांबली. आणखी खाली, पुन्हा थांबली. मग पंख मिटून गवतात गेली आणि काहीतरी पायात धरून उठली.

त्याच माळावर कापशीही हवेत थांबते. तिचे फटके जास्त खोल, अंग थोडं लोंबतं. आणि खाली उतरताना ती दोन्ही पंख वर धरून, अलगद, पायऱ्या उतरल्यासारखी येते. खरूची झाली, कापशी झाली. तळ्यावर कवड्या खंड्या याच कसबाने पाण्यावर थांबतो आणि चोच खाली करून सूर मारतो. भोवत्यांचं तंत्र निराळं. ते थांबत नाहीत. गवताच्या शेंड्यांपासून हात-दोन हात वर, पंख उथळ द्रोणासारखे धरून, या कुशीवरून त्या कुशीवर कलत सगळा माळ विंचरून काढतात. त्यांचा चेहरा घुबडासारखा चकतीचा असतो. गवतातली खसखस ते कानांनी टिपतात, म्हणून इतक्या खालून आणि इतक्या सावकाश उडणं भाग आहे.

घिरट्या आणि रिकामं आभाळ

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जमीन तापते, गरम हवेचे खांब वर उठू लागतात आणि घिरट्यांची वेळ होते. सह्याद्रीत याला कड्यावर आपटून वर वळणाऱ्या वाऱ्याची जोड असते. घार पंख जवळजवळ सपाट आणि मनगटात किंचित वाकवून धरते. सर्पगरुड पंख वर उचलून उथळ द्रोण करतो, पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा दिसतो आणि त्याची लांबलचक आरोळी दरीभर घुमते. काळा गरुड घाटातल्या झाडांच्या शेंड्यांना लागून इतका हळू जातो की आता पडेल असं वाटावं. तो घरटी शोधत असतो. घाई करून घरटं दिसत नाही.

आणि गिधाड. पसरलेल्या घोंगडीसारखे रुंद, लांब पंख, आखूड शेपटी, आत ओढलेलं डोकं. मोठे, संथ, न हलणारे वळसे. जड पक्ष्याला फडफड परवडत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या काँडोरवर यंत्रं लावून केलेला अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. हे पक्षी उडण्याच्या एकूण वेळेपैकी जेमतेम 1 टक्का वेळ पंख मारतात आणि एकाने तर पाच तासांहून अधिक काळ, सुमारे 172 किलोमीटर, एकही फटका न मारता काटले. आपली गिधाडं याच शिस्तीची. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड खालून पाहिलं तर पंखाचा पुढचा भाग पांढरा, मागचा काळा. लहान पांढऱ्या गिधाडाची शेपटी पाचरीसारखी.

ही ओळख सांगताना मन जड होतं. 1990च्या दशकात देशभरातली गिधाडं झपाट्याने मरू लागली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करतं, हे लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या अभ्यासातून 2004 साली मांडलं. भारताने 2006 मध्ये गुरांसाठी त्याचा वापर बंद केला. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 99 टक्क्यांहून अधिक घटली होती. ज्या पिढीने गावकुसाबाहेरच्या ढोरफोडीवर शेकड्याने गिधाडं उतरताना पाहिली, तिच्या डोळ्यांत त्यांची ढब आहे. पुढच्या पिढीला ती चित्रातून शिकावी लागते आहे.

थव्याची भाषा

एकेका पक्ष्याला जशी चाल, तशी थव्यालाही असते. उजनीवर हिवाळ्यात मंगोलिया-तिबेटकडून पट्टकादंब हंस येतात. ते बाणाच्या टोकासारखी रांग धरतात. या रांगेचं गणित 2014 साली स्टीव्हन पोर्तुगाल आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या टकल्या शराटींवर यंत्रं बसवून उलगडलं. पुढच्याच्या पंखाच्या टोकामागे वर उठणारी हवा मागच्याला आधार देते, आणि मागचा पक्षी फटक्याची वेळही त्या लाटेशी जुळवून घेतो. हिमालय ओलांडताना मात्र पट्टकादंब उंचीवर तरंगत राहत नाहीत. ते डोंगराच्या चढउताराबरोबर वर जातात, खाली येतात. त्यांची मोजली गेलेली सर्वाधिक उंची 7,290 मीटर आहे, पण इतक्या वर ते क्वचितच जातात.

ज्वारीच्या शिवारावर उतरणाऱ्या भोरड्यांचा थवा रांग धरत नाही. तो गोळा होतो, ताणला जातो, पिळला जातो, आणि इतके पक्षी असूनही आपटत नाहीत. रोममध्ये त्यांच्या नात्यातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यांची छायाचित्रं घेऊन 2008 साली एका गटाने दाखवलं, की प्रत्येक पक्षी फक्त जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो. अंतर किती हे गौण. त्या गटात जॉर्जो पारिसी होते, ज्यांना पुढे 2021 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. राखणीसाठी मचाणावर गोफण घेऊन बसलेल्याला हे आकडे ठाऊक नसतील, पण ढग वळला की भोरड्या आल्या, हे त्याला केव्हाचं माहीत आहे.

फसगत आणि सावधगिरी

ढब फसवतेही. फाल्गुनातल्या एका दुपारी आमराईत मी शिक्रा पाहिला आणि वहीत तशी नोंदही केली. दोन-तीन जलद फटके, मग तरंगणं, पुन्हा फटके, फांदीवर उतरताना वर झेप, सगळं शिक्र्यासारखं. भोवतीच्या सातभाईंनी गोंगाट केला, तेव्हा खात्रीच पटली. थोड्या वेळाने त्याच फांदीवरून 'पावशा, पावशा' असा सूर चढत गेला. पावशा रंगाने शिक्र्यासारखा, आणि उडण्यानेही हुबेहूब तसा. सातभाईंच्या घरट्यात तो आपली अंडी घालतो. शिक्र्याच्या धाकाचा त्याला लाभ होतो. म्हणून एकाच खुणेवर शिक्का मारू नये. वाऱ्यात ढब बदलते, पिसं झडत असताना पंखाचा आकार बदलतो, पोट भरलेला पक्षी जड उडतो. आकार, पंखांची ठेवण, ताल, शेपटी, जागा, महिना आणि वेळ, या सगळ्यांची साक्ष एकमेकांशी जुळली पाहिजे.

आणि ही विद्या केवळ नावापुरती नाही. माळढोक हा आपल्या सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. तो चटकन वळू शकत नाही. आफ्रिकेतल्या त्याच्या नातलगांवर ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसलं, की असे पक्षी उडताना खाली पाहण्यासाठी डोकं वाकवतात, तेव्हा पुढची वाट त्यांच्या नजरेतून पार सुटते. माळावरून विजेच्या तारा गेल्या की त्यांचा जीव का जातो, हे यावरून कळतं. सोलापूरच्या नान्नजच्या माळावर एकेकाळी दिसणारा हा पक्षी आता महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला आहे. पक्षी कसा उडतो हे आधी पाहिलं असतं, तर तारा कुठून न्यायच्या हेही आधी ठरवता आलं असतं.

घारीपासून सुरुवात

दिवाळीच्या आगेमागे, 5 ते 12 नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 तारखेला सालिम अलींचा. नवी दुर्बीण, मोठा कॅमेरा, दूरचं अभयारण्य यातलं काहीही नसलं तरी चालेल. गच्चीवर जा आणि एका घारीकडे दहा मिनिटं पाहा. पंख कुठे वाकतो, शेपटी कधी पिळते, वारा पडला की ती किती फटके मारते, वळताना कुठला पंख आधी कलतो. छायाचित्र घेऊ नका. छायाचित्रात चाल येत नाही. घार पक्की झाली की बाकीचं आभाळ तिच्याशी ताडून वाचता येतं. घारीपेक्षा पंख आखूड, घारीपेक्षा शेपटी लांब, घारीपेक्षा जड, घारीसारखं नाही.

गेल्या माघात सह्याद्रीतल्या एका कड्यावर बसले होते. दहा वाजून गेले होते. दरीतून गरम हवा उठत होती आणि तिच्यात सात घारी फिरत होत्या. मोजता मोजता आठवा पक्षी आला. अंतर बरंच होतं, ऊन समोरून डोळ्यांत, रंग कसलाच नाही. त्याने एक वळसा पूर्ण केला. दुसरा केला. पंख हलले नाहीत. शेपटी वळली नाही.

दुर्बीण खडकावरच राहिली आणि मी उभी राहिले.